रिकामा डबा परत जात नाही

आजचा विषय पाहुणचाराचा आहे. घरी आलेल्या माणसाशी कसं वागावं, त्याच्यापुढे काय ठेवावं, आणि ही समज एका पिढीकडून दुसरीकडे कशी जाते, याविषयी आपण बोलणार आहोत. उदाहरण म्हणून आम्ही नानखटाई घेतली आहे. आता नानखटाईचा आणि शिष्टाचाराचा काय संबंध, असं काहींना वाटेल. तो हळूहळू लक्षात येईल.

सुरुवात एका शब्दापासून करू. 'शिष्ट' हा शब्द. मूळ संस्कृत अर्थाने शिष्ट म्हणजे शिकलेला, वळण लागलेला माणूस. त्याचा जो आचार तो शिष्टाचार. पण रोजच्या मराठीत आपण काय म्हणतो? "ती ना, फार शिष्ट आहे हो!" ही स्तुती नसते, तक्रार असते. म्हणजे एकाच शब्दात आपल्या भाषेने दोन्ही अनुभव साठवून ठेवले आहेत. चांगल्या वागणुकीने समोरचा माणूस सैल होतो, मोकळा होतो. आणि त्याच वागणुकीचा वापर करून त्याला खाली बसवताही येतं.

मग यातली कुठली रीत ठेवायची आणि कुठली सोडायची? आमच्या मते त्यासाठी एक साधा प्रश्न पुरेसा आहे. ही रीत पाळल्याने कोण मोकळं होतं आणि कोण अवघडतं? आज जी उदाहरणं घेऊ त्यांना आपण हाच प्रश्न विचारत जाऊ.

बोलण्यातली रीत

आधी भाषेतलीच काही उदाहरणं बघा. निघताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. लहान मुलाने "मी जातो" म्हटलं की आजी लगेच दुरुस्त करते, "येतो म्हणावं बाळा." डब्यातले तांदूळ संपले असं जुन्या घरांत म्हणत नसत, तांदूळ "वाढले" म्हणत. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. काही घरांत दिवाही विझवत नसत, तो शांत करत.

यात अशुभाची भीती आहे, हे खरं. पण दुसरी एक गोष्टही आहे. पाहुणे बसलेले असताना स्वयंपाकघरातून "तांदूळ संपले" असा आवाज आला, तर पाहुण्याला काय वाटेल? आपण उगाच आलो, असंच वाटेल ना! "तांदूळ वाढले" या दोन शब्दांत घरातल्या घरात निरोप पोचतो आणि बाहेर बसलेल्याचं मन राखलं जातं.

पंगतीतही हेच दिसतं. मराठी ताट वाढायची जागा ठरलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे, भाज्या आणि आमटी उजवीकडे, भात मध्ये. जेवणारा उजव्या हाताने जेवतो, म्हणून ज्याला वारंवार हात लागणार ते उजवीकडे, आणि चिमूटभर लागणारं डावीकडे. यजमान "सावकाश होऊ द्या" म्हणतो. आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय कोणी पानावरून उठत नाही. हा शेवटचा नियम कोणासाठी आहे, विचार करा. तो म्हाताऱ्या माणसांसाठी आणि लहान मुलांसाठी आहे. ज्यांना वेळ लागतो, त्यांना "सगळे आपल्यासाठी खोळंबलेत" असं वाटू नये म्हणून भरभर जेवणाऱ्यांनी बसून राहायचं.

आग्रहाचं गणित थोडं निराळं आहे. पाहुण्याने पहिल्यांदा "नको नको" म्हणायचं, यजमानाने आग्रह करायचा, मग "बरं, अर्धी वाढा" असं म्हणत ताट पुढे करायचं. अन्न जपून वापरावं लागे त्या काळात पाहुण्याला भूक असली तरी मागण्याचा संकोच असे. आग्रहाने तो संकोच मोडला जाई. आज मात्र समोरच्या माणसाला मधुमेह असू शकतो, पथ्य असू शकतं, आणि चारचौघांत ते सांगायची त्याची इच्छा नसू शकते. तेव्हा दुसऱ्या "नको"नंतर थांबणं हीच आजची रीत झाली पाहिजे. नियम बदलला, पण त्यामागचा हेतू तोच आहे.

डबा, तूप आणि भट्टी

आता नानखटाईकडे येऊ. मोबाईल नव्हते तेव्हा पाहुणा न कळवता येई. तो आल्यावर घरातल्या बाईने त्याला एकट्याला बसवून तासभर स्वयंपाकघरात राहायचं, हे दोघांनाही अवघड. यावरचा उपाय म्हणजे फडताळातला डबा. चिवडा, शंकरपाळे, चकली, लाडू, नानखटाई. हे सगळे पदार्थ कोरडे आहेत, हा योगायोग नाही. पाणी कमी म्हणून बुरशी लागत नाही, पंधरा-वीस दिवस सहज टिकतात. डबा उघडला, बशी भरली, चहा टाकला की यजमान पाहुण्यासमोर येऊन बसायला मोकळा!

नानखटाई आपल्याकडे सुरतेहून आली असं मानतात. 'नान' हा फारसी शब्द, अर्थ रोटी किंवा पाव. सुरतेत डचांच्या बेकरीत काम करणाऱ्या पारशी कारागिरांनी ती घडवली, अशी हकीकत तिकडे सांगतात. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत ती रुळली ती भट्टीमुळे. घरात ओव्हन कुठे होता? मग दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदा, तूप, पिठीसाखर घरून न्यायची, गल्लीतल्या बेकरीत बसून पीठ मळायचं, गोळे पत्र्यावर लावायचे, आणि बेकरीवाला ते भट्टीतून भाजून देई. किलोवर मजुरी ठरलेली असे. पत्र्याचे मोठे डबे भरून माल घरी यायचा. मुलांचं काम डबे उचलायचं आणि वाटेत एक तरी चोरून खायचं.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: तुपाऐवजी लोणी चालेल का, आणि आमची नानखटाई पसरते ती का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून जरा नीट सांगतो.

साजूक तुपात जवळजवळ सगळी स्निग्धताच असते, पाणी नावालाच. लोण्यात साधारण १५ ते २० टक्के पाणी असतं. मैद्याला पाणी मिळालं की त्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं तयार होतं. पोळी लाटता येते ती त्यामुळेच. नानखटाईला तो चिवटपणा नको आहे. तुपात भिजवलेल्या मैद्यात हे जाळं धरत नाही, म्हणून ती तोंडात घालताच विरघळते. लोणी घातलं तर बिस्किट चांगलं होईल, पण नानखटाई होणार नाही. आणि पसरण्याचं कारण म्हणजे पातळ केलेलं तूप. तूप घट्ट, रवाळच घ्यायचं आणि पिठीसाखरेबरोबर हाताने फेसायचं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत.

किती फेसायचं याची जुन्या बायकांची एक खूण आहे. मिश्रणाचा थेंब पाण्यात टाकायचा. तरंगला की झालं. यात मोठं शास्त्र आहे बरं का. नुसतं तूप पाण्यावर तरंगतंच. त्यात साखर मिसळली की मिश्रण पाण्याहून जड होतं आणि बुडतं. फेसून फेसून त्यात पुरेशी हवा शिरली की ते पुन्हा हलकं होऊन वर येतं. भट्टीत हीच हवा फुगते आणि नानखटाईला वर तडे जातात. वजनकाटा नाही, यंत्र नाही, पण परीक्षा अगदी चोख.

प्रमाण लिहून घ्या. मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, तूप १५० ग्रॅम, पिठीसाखर १३० ग्रॅम, वेलची-जायफळ, चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा पाव चमचा, त्याहून जास्त नको. आंबट पदार्थ नसला की उष्णतेने सोड्यातून वायू सुटतो खरा, पण मागे जो क्षार उरतो त्याची चव साबणासारखी लागते. तूप-साखर फेसल्यावर कोरडे जिन्नस हलक्या हाताने मिसळा, लिंबाएवढ्या गोळ्यांना किंचित चपटं करा, मध्ये अंतर ठेवा. ओव्हन आधी तापवून १६० ते १७० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ किंवा वाळू घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर. वेळ थोडा जास्त लागेल. बाहेर काढताना ती मऊच असते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर आतल्या वाफेने सगळी सादळेल.

हे ग्रॅमचं प्रमाण आम्ही मुद्दाम दिलं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' १९१० चं, त्यात हजार पाककृती होत्या. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची, वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेली. ही पुस्तकं घराघरांत पोचली याचं एक कारण असं, की आई-सासू जवळ नसलेल्या मुलीला कोणापुढे हात न पसरता स्वयंपाक करता आला. "अंदाजाने घाल" हे उत्तर ज्याला आधीच येतं त्यालाच समजतं. घरची चव टिकवायची असेल तर आजीच्या शेजारी काटा घेऊन बसा. तिची मूठ, तिची चिमूट वजन करून वहीत लिहा. तिला ते थोडं हास्यास्पद वाटेल. वाटू द्या.

चहा, बिस्किटं आणि प्रायश्चित्त

आतापर्यंत रीतीच्या चांगल्या बाजूविषयी बोललो. आता दुसरी बाजू.

भट्टीवर दिवाळीची नानखटाई भाजून घ्यायची, आणि ती भट्टी बऱ्याच गावांत मुसलमान किंवा ख्रिस्ती बेकरीवाल्याची असायची. आज यात कोणाला काही वाटत नाही. पण त्यापूर्वी पाव आणि बिस्किट हे धर्म बाटवणारे पदार्थ मानले जात. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा नावाची गुप्त मंडळी निघाली. जातिभेद मानणार नाही याची खूण म्हणून तिच्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पावाचा एक तुकडा खाणं ही केवढी मोठी गोष्ट होती ते यावरून कळेल.

पुढे १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनचं प्रकरण झालं. मिशनमध्ये एक कार्यक्रम होता, शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. यजमानांनी रिवाजाप्रमाणे चहा आणि बिस्किटं पुढे केली. काहींनी घेतली, काहींनी यजमानाचा मान राखण्यापुरता पेला हातात घेऊन बाजूला ठेवला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गावात वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, बहिष्काराची भाषा झाली. शेवटी रानडे आणि टिळक दोघांनीही प्रायश्चित्त घेतलं.

या प्रसंगाला आपला प्रश्न लावून बघा. यजमानाने पुढे केलेला पेला नाकारला तर यजमान अवघडतो. घेतला तर पाहुणा गावात अवघडतो. शुद्धतेच्या या नियमाने कोणीच मोकळं झालं नाही. त्याने फक्त कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या हातचं नाही, एवढं ठरवलं. तो गेला त्याचं दुःख करण्याचं कारण नाही. उलट त्याच्या शेजारी गोव्यातली दुसरी रीत ठेवा. तिथे नाताळात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांचं ताट ख्रिस्ती घरातून शेजारच्या हिंदू घरी जातं. त्याला कोंसुआद म्हणतात. चतुर्थी-दिवाळीला हिंदू घरातून गोडधोड उलट दिशेने येतं, आणि त्यातही नेवऱ्या असतातच. तोच पदार्थ दोन सणांना दोन दिशांनी जातो. तो दोन्ही घरांत होत असतो, तेव्हा ताट जातं ते पदार्थाची गरज आहे म्हणून नाही.

हळदीकुंकवाचंही तसंच आहे. शेजारणींना वर्षातून एकदा निवांत भेटवणारी ही किती छान रीत! पण नवरा गेलेल्या बाईला त्याच दारातून वगळणारीही तीच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या बाबतीतल्या अवमानकारक प्रथा बंद केल्या. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, हे सगळं त्यात आलं. नंतर राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना त्या वाटेने जायला सांगितलं. हळदीकुंकू तोडायची गरज नाही, आमंत्रणाची यादी वाढवायची गरज आहे.

कष्ट कोणाचे?

आणखी एक प्रश्न टाळून चालणार नाही. या सगळ्या देखण्या राहणीमागे कष्ट कोणाचे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं दिसलं, की बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. बायकांची जवळजवळ पाच तास, पुरुषांची दीड तासाच्या आसपास. आणि त्यात दिवाळी आली की काय होत असेल, ते सांगायला नको.

घरातली एक बाई रात्री बारापर्यंत तळणीसमोर उभी आहे आणि बाकीचे परंपरेचं कौतुक करत आहेत, तर मघाचा प्रश्न घरातल्या माणसांनाही लागू होतो. विकतचा फराळ आणण्यात काहीच कमीपणा नाही. पण घरी करायचंच असेल तर नानखटाईसारखा पदार्थ निवडा. तिथे तळणीचा धोका नाही, लहान मुलं गोळे वळू शकतात, आजोबा तूप फेसू शकतात, वडील पत्रे लावू शकतात. भट्टीच्या दिवसांतही ते घरातल्या सगळ्यांचं काम होतं. चव पुढच्या पिढीला लागते ती कामात हात घातल्याने. नुसतं खाऊन ती लागत नाही.

त्यांच्याकडे यंदा दिवाळी नाही

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. शेजारून आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही रीत तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. दुसरं काही नसेल तर चमचाभर साखर तरी घालायची. या नियमामुळे देणारा आणि घेणारा असे दोन वर्ग पडत नाहीत. आज मी, उद्या तू. गरीब घरालाही यात मान राहतो, कारण साखर सगळ्यांकडे असते.

पण या नियमालाही एक अपवाद आहे. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झालेला असतो, त्या घराविषयी आपण म्हणतो, "त्यांच्याकडे यंदा दिवाळी नाही." त्या घरी फराळ करत नाहीत. मग शेजारी, नातेवाईक, चुलत-मावस सगळे आपापल्या घरचा थोडा थोडा फराळ तिथे नेऊन देतात. घरात लहान मुलं असतात, भेटायला येणारी माणसं असतात; त्यांच्यापुढे ठेवायला काही हवं. आणि अशा घराकडून डबा भरून परत येण्याची अपेक्षा कोणी धरत नाही. ज्या घराने एरवी सगळ्यांना ताटं दिली, त्याने त्या एका वर्षी नुसतं घ्यायचं असतं.

तो डबा घेऊन जाताना काय बोलायचं, हे अनेकांना सुचत नाही. म्हणून आजकाल काहीजण जाणंच टाळतात, एखादा संदेश पाठवतात आणि सुटका करून घेतात. रीतीचा खरा उपयोग इथे आहे. तिने तुम्हाला करण्यासारखं काहीतरी दिलेलं आहे. दाराशी जायचं, डबा हातात द्यायचा, बस म्हटलं तर बसायचं, गेलेल्या माणसाचा विषय निघाला तर ऐकायचं. "शुभ दिवाळी" म्हणायचं नाही. डब्याची घाई करायची नाही. निघताना "येतो" म्हणायचं, आणि पुन्हा खरोखर यायचं. यात भाषण लागत नाही आणि मोठी सहानुभूतीची वाक्यंही लागत नाहीत.

समारोप करताना तीनच गोष्टी सांगू. एक, या वर्षी घरातल्या एका तरी पदार्थाचं प्रमाण वजन करून वहीत उतरवा, आणि तो पदार्थ कोणाकडून आला त्याचं नावही तिथे लिहा. दोन, तो करताना घरातल्या प्रत्येकाला काहीतरी काम द्या. तीन, डबे भरताना आधी विचार करा, ओळखीत कोणाकडे यंदा दिवाळी नाही. पहिला डबा त्या घरी पोचवा.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.